कार्ड मंडळनं शे

वधू-वर सूचक मंडळात नऊ वर्षं कारकुनी केली म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. "मग काय, गमतीच गमती असतील!" गमती कसल्या? घरी जाऊन चप्पल काढायचंही त्राण नसायचं. पण किस्से साचले हे खरं. त्यांना कोण अडवणार?

धुळ्यात पाचव्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर आमची खोली. प्रत्येक मुला-मुलीचं एक कार्ड, सगळी एका पेटीत. त्यावर नाव, उंची, रंग, शिक्षण, पगार, पत्ता, सगळं. खाली 'शेरा'. तो लाल शाईने फक्त नाना लिहायचे. नाना म्हणजे आमचे सचिव, रिटायर्ड तलाठी. एकदा नोंद झाली की ती ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही, ही त्यांची श्रद्धा!

एक सफारीवाले गृहस्थ दर बुधवारी यायचे. नोकरीवाल्या मुलांची कार्डं काढून पत्ते उतरवून घ्यायचे. दोन महिन्यांनी मी सहज विचारलं, "भाऊ, मुलगी किती शिकलीय?"

"दुसरीत आहे."

विमा एजंट निघाला! मी तणतणत नानांकडे गेलो. म्हटलं, लोकांनी पगार आपल्याला लग्नासाठी सांगितलाय, याच्यासाठी नाही. नानांनी त्याला आत बोलावलं, दार लावलं. अर्ध्या तासाने एजंट हसत बाहेर आला. नानांनी पॉलिसी काढली होती.

बोदवडच्या एका मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी कार्ड पेटीतच. तिच्या बाळाच्या बारशाला जळगावहून चार माणसं पेढे घेऊन तिच्या माहेरच्या दारात हजर. मुलगी बघायला! सासूबाई मोठी खमकी. तिने त्यांना बसवलं, पोहे दिले, आणि मग पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मुलगी ही. पसंत आहे का?"

दुसऱ्या दिवशी नवरा तणतणत मंडळात. "नाना, माझ्या बायकोचं कार्ड आधी बाहेर काढा!"

नानांनी शांतपणे कार्ड काढलं, शेऱ्यात लिहिलं, 'लग्न झाले', आणि परत पेटीत ठेवलं.

नानांच्या अहिराणीत सांगायचं तर त्यांना बठ्ठी, म्हणजे सगळी, कार्डं तोंडपाठ. जळगावच्या एसटीत एकदा मी त्यांच्या शेजारी. गाडी खच्चून भरलेली. पुढच्या सीटवर एक मुलगी बसलेली. नानांनी मागून आवाज दिला, "पोरी, तुन्ही उंची पाच फूट एक इंच शे ना? मंग तो चष्मा कोठे गया?"

तिकीट जळगावचं होतं, पण ती पारोळ्यालाच उतरली.

नानांना कशाला हसायचं? मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. मंडळानेच जुळवलेल्या एका लग्नात स्टेजवर गेलो, पाकीट दिलं आणि नवरदेवाला आपुलकीने म्हटलं, "दमा कसा आहे आता?"

शेऱ्यात होतं तसं. मुलीच्या वडिलांनी वाचलंही होतं. फक्त मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. ती नवऱ्याकडे नाही, वडिलांकडे बघत राहिली. त्या दिवशी मी न जेवताच निघालो. आजही त्याची लाज वाटते.

आणि मग सुनंदा आली. देवपूरच्या शाळेत बाई. स्वतःच्या कार्डासाठी स्वतः आलेली नऊ वर्षांतली पहिली मुलगी. कार्ड वडिलांनी भरलेलं, आणि शेरा नानांचा: 'ठरलेले मोडले'. तेवढं वाचून तीन स्थळं परत गेली होती.

"मोडलं ते मी. मुलाकडचे नोकरी सोड म्हणत होते. पण लोकांना वाटतं, माझ्यातच काही खोट आहे. तेवढं खोडा, नाहीतर कार्ड परत द्या," ती म्हणाली.

"नोंद खरी शे ना?" नाना.

"खरी आहे. पण माझी आहे."

"पोर तुन्हा बापनी शे, कार्ड मंडळनं शे!"

ती पायऱ्या उतरून गेली. मला फार वाईट वाटलं, पण मी तरी काय करणार होतो? पेटीची किल्ली नानांच्या जानव्याला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. सुरतला नोकरी करणाऱ्या भावाचं नाव नोंदवलं, फी भरली. आता ती वरपक्ष! आणि मुलींची कार्डं फक्त वरपक्षाला दाखवायची, हा नानांचाच नियम. स्थळ पसंत पडलं तर रजिस्टरमध्ये सही करून कार्ड घरी न्यायचं, मग ते दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, हाही त्यांचाच.

नाना खुशीत होते. त्यांनी स्वतः पेटी उघडून दिली. सुनंदाने चाळाचाळ केलीच नाही. एकच कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

नानांनी चष्मा चढवला. कार्ड बघितलं, तिला बघितलं. "हाई तं तुन्हंच कार्ड शे!"

"हो. पसंत आहे. सही कुठे करू?"

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. तिने सही केली, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली.

"नाना, रजिस्टरमध्ये शेरा काय लिहू?" मी विचारलं.

नानांनी पेटीला कुलूप लावलं. मग लाल पेन माझ्याकडे देत म्हणाले,

"लिख... स्थळ चांगलं शे."