हे हसू कुणाचं?

गेल्या दिवाळीच्या आधी वारज्यातल्या सुपरमार्केटमध्ये मी तूरडाळीची पिशवी हातात घेऊन उभी होते आणि छतातल्या स्पीकरमधून माझी ताई हसली. ताईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी तिथेच थिजले. मागच्या बाईने ढकलगाडी माझ्या टाचेवर आणली आणि वर मलाच विचारलं, "अहो, इथे मुक्काम आहे का?"

बाकी कुणी मानसुद्धा वर केली नाही. का करावी? ते एका दंतमंजनाच्या जिंगलच्या शेवटचं हसू होतं. माझ्या पिढीतल्या कुणालाही ते ऐकवा, दोन सेकंदांत मंजनाचं नाव सांगतील. हसणारी कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जुनं ते सोनं म्हणून कंपनीने ती जिंगल पुन्हा काढली होती. त्यानंतर ताई मला कुठेही गाठायला लागली. रिक्षात, दाताच्या डॉक्टरांकडच्या टीव्हीवर, एकदा तर शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या फोनमधून. एरवी मी भुताखेतांना मानत नाही. पण प्रत्येक वेळी अंगावर काटा आला, हे खरं आहे.

ती का गाठते, ते मला माहीत होतं.

मी क्विझचे प्रश्न लिहिते. पोट भरतं ते खराडीतल्या सॉफ्टवेअरवर. प्रश्न हा नाद. खराडीत काचेच्या इमारती उगवायला लागल्या तेव्हा जशी प्रत्येक सोसायटीला आपला गणपती हवा, तशी प्रत्येक कंपनीला आपली क्विझ हवी झाली. सिनेमा, गाणी, मालिका, जाहिराती. आमच्या कंपनीत हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते भलतंच आवडलं.

अमुक सिनेमा कोणत्या साली आला, असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. तो प्रश्न कसला, तो सरकारी फॉर्म. चांगल्या प्रश्नाचं उत्तर सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं, फक्त आपल्याला ते ठाऊक आहे याचा त्यांना पत्ता नसतो. पहिला धागा लांबचा द्यायचा, दुसरा जवळचा, तिसरा अगदी नाकासमोरचा. उत्तर चुकलेल्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला पाहिजे. तो नियमावली मागायला लागला, तर प्रश्न फसला.

प्रश्न जमला की नाही, हे मला ताई सांगायची. म्हणजे तोंडाने नाही. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, बालवाडीत शिकवायची, वारज्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. दर रविवारी सकाळी ती मेथी निवडत बसायची आणि मी समोर बसून प्रश्नांची कार्डं वाचायची. प्रश्न सुमार असला की तिची बोटं चालू राहायची, "हं" एवढाच आवाज. प्रश्न जमला असला की हात थांबायचा. काडी हातात, पान अर्धवट खुडलेलं, नजर खिडकीबाहेर. मग ती उत्तर देवो न देवो, मी त्या कार्डावर बरोबरची खूण करायची. माझ्या क्विझची लोक वाहवा करायचे, त्यातली निम्मी त्या मेथीची होती.

जिंगल ताईने गायली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. केबल यायच्या थोडं आधीची गोष्ट. ताई अकरावी-बारावीत, मी पाच वर्षांची. तिच्या गाण्याच्या बाईंनी तिला टिळक रोडच्या मागच्या एका बंगल्यात पाठवलं. तिथे तळघरात स्टुडिओ होता. घरी कुणी नव्हतं म्हणून मलाही बरोबर नेलं. मोबदला म्हणून मंजनाचे बारा डबे मिळाले. वर्षभर आमच्या हिरड्या जळत होत्या. पुढे मुंबईत नाव काढलेल्या एका गायिकेने उमेदवारीच्या दिवसांत ती जिंगल गायली, असं कुणीतरी कुठेतरी छापलं आणि मग सगळ्यांनी तेच छापलं. गायिकेने कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ताईचं लग्न झालं, गाणं सुटलं, मंजनाचे डबे तिखटमिठाला लागले.

एका रविवारी मीच म्हटलं, "ताई, तुझ्यावर प्रश्न काढते."

तिचा हात थांबला. "माझ्यावर? लोक म्हणतील, कोण ही?"

"म्हणू देत. मग मी सांगेन ना कोण ते."

पुढचे तीन आठवडे मी त्या एका कार्डावर घालवले. ताईनेही इतक्या वर्षांत न सांगितलेलं एकेक बाहेर काढलं. शेवटचं हसू कागदावर लिहिलेलंच नव्हतं. "तुझ्यामुळे आलं ते," ती म्हणाली. "काचेपलीकडे उभी होतीस. नाक काचेला असं चपटं लावून. मी शेवटची ओळ संपवली, समोर बघते तर तुझं ते नाक. फुटलंच हसू. आठवत नाही तुला?"

नाकाला लागलेली एक गार काच मला आठवत होती. पण काचा काय, एसटीलाही असतात. म्हटलं, "पाच वर्षांच्या मुलीची साक्ष आमच्यात चालत नाही."

ती हसली. तेच हसू, जरा जाड झालेलं.

आमच्यात म्हणजे क्विझवाल्यांत. तिथे एक नियम देवासारखा पाळतात: प्रत्येक उत्तराला दोन पुरावे. पुण्यात तर पाळावाच लागतो, कारण इथे हरलेला संघ घरी जात नाही, लेखी हरकत घेतो. हा नियम आमच्या गटात मीच आणला होता आणि त्याची ऐट मीच सगळ्यांत जास्त मिरवायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी माझा सहकारी, जो प्रश्न तपासायचा, ते कार्ड घेऊन आला. "हे उत्तर सगळीकडे वेगळं आहे. तुझा सोर्स काय?"

"ती स्वतः."

"आणि दुसरा?"

 तो चांगल्या मनाने म्हणाला, "घरचं माणूस आहे म्हणून विचारतोय. उगाच शोभा होईल. बघ तू."

मी कार्ड काढलं नाही. मनाशी ठरवलं, कुणाला उत्तर येणार नाही, मग मी ताईचं नाव सांगेन आणि ती उभी राहील. इतकं सोपं.

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. दोन बस बदलून आली होती. अंगावर मोरपंखी साडी, जी ती लग्नाकार्यालाच काढायची. जिंगल वाजली, हसू वाजलं, सभागृहात ओळखीची खसखस पिकली. मी विचारलं, "लिहिलेलं नसताना आलेलं हे हसू कुणाचं? ही व्यक्ती आज याच शहरात राहते." उजवीकडच्या संघाने बझर दाबला आणि त्या गायिकेचं नाव सांगितलं. मी शहराचा धागा दिला होता तरीही. मुंबईची बाई पुण्यात कशी राहील, हा विचार त्यांनी केला नाही आणि सभागृहानेही केला नाही. टाळ्या पडल्या.

माझ्या हातातल्या कार्डावर, माझ्याच अक्षरात, ताईचं नाव होतं. मी 'चूक' म्हणायला तोंड उघडलं. पहिल्या रांगेत माझे साहेब होते. त्यांच्या शेजारी कंपनीचे पाहुणे. चूक म्हटलं तर पुरावा मागतील, आणि मग मला म्हणावं लागेल, माझी बहीण असं म्हणते. लोक हसतील. मला त्या हसण्याची भीती वाटली.

मी म्हणाले, "बरोबर. दहा गुण."

तिसऱ्या रांगेकडे मी पाहिलं. ताईसुद्धा टाळ्या वाजवत होती. सगळ्यांबरोबर, तेवढ्याच.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "छान झाला कार्यक्रम. चहाही बरा होता." मी काहीतरी सांगायला लागले, नियम, हरकत, दुसरा पुरावा. तिने पदर सावरला. "अगं, असू दे. बस निघेल माझी."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणं ताईला येत नव्हतं आणि माफी मागणं मला. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी कार्डं घेऊन गेले. तिने मेथी पुढे घेतली, मी वाचायला लागले. ती ऐकत होती, "हं" म्हणत होती, कधी उत्तरही देत होती. पण तिचा हात चालू राहिला. मी माझे सगळ्यांत चांगले प्रश्न वाचून पाहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही वाचले. पुढची दोन वर्षं वाचत होते. माझ्या प्रश्नावर तिचा हात पुन्हा कधी थांबला नाही.

मग तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत ती गेली. मी प्रश्न लिहायचे सोडले नाहीत, ही माझी लाज. फक्त ते स्पर्धेआधी कुणाला वाचून दाखवायचे सोडले.

सुपरमार्केटमधून मी तशीच घरी आले, डाळ न घेता. दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाईंच्या मुलीला फोन केला. तिने स्टुडिओवाल्या काकांचा नंबर दिला. दोन फोन आणि एक रिक्षा, एवढंच लागलं. ताई जिवंत असताना मला हे करता आलं असतं, कुठल्याही शनिवारी.

बंगल्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे. काका तिथेच चौथ्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कान अजून तिखट. मी जिंगलचं नाव काढताच म्हणाले, "ती मुलगी होय. पहिल्या दमात सूर लावला होता तिने. कशी आहे?"

मी सांगितलं. 

"ती जिंगल दुसरीच कोणी गायली असं छापून येतं," मी म्हणाले. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"विचारायला कोण आलं? आपणच पहिल्या."

त्यांनी जुन्या टेप फेकल्या नव्हत्या. नातवाने सगळ्या कॉम्प्युटरवर चढवून ठेवल्या होत्या. काकांनी शोधून एक लावली. आधी खरखर. मग तरुण काका: "टेक एक." मग ताई. सतरा वर्षांची, सबंध, जाहिरातीत कापलेली तशी नव्हे. श्वास घेतलेला ऐकू येतो. शेवटची ओळ, आणि ते हसू. जाहिरातीत ते इथे संपतं. टेपवर ते संपत नाही. ती हसतच राहते, दार उघडल्याचा आवाज येतो, आणि एक लहान मुलगी ओरडते, "ताई, तू मला बघून हसलीस! मी बघितलं!"

"हो गं बाई, तुलाच," ताई म्हणते. मग घाबरून: "काका, सगळं वाया गेलं. परत घेऊ या?"

"नको. हेच राहू दे."

काकांनी टेप थांबवली. "पोरगी कोण होती?" त्यांनी विचारलं.  मी रडत होते आणि माझं नाक खरंच गार पडलं होतं.

यंदाच्या क्विझमध्ये मी तो प्रश्न पुन्हा घातला. कार्ड तेच, कडा पिवळ्या पडलेलं. 'आज याच शहरात राहते' एवढं खोडलं. उत्तराच्या बाजूला काही बदलावं लागलं नाही.

जिंगल वाजली. समोरच्या संघातली मुलं ती जाहिरात पहिल्यांदा आली तेव्हा जन्मलीही नसतील. त्यांनी झटकन त्या गायिकेचं नाव सांगितलं. टाळ्या सुरू व्हायच्या बेतात होत्या.

"चूक," मी म्हणाले. आणि कार्डावरचं नाव वाचलं, माहेरच्या आडनावासकट.

संघाचा कप्तान उठलाच. "मॅम, पण हे तर सगळीकडे आहे. तुमचा सोर्स काय?"

माझ्या पर्समध्ये टेपची प्रत होती. काकांनी सही करून दिलेलं पत्र होतं. दोन पुरावे, नियमाप्रमाणे. माझा हात पर्सकडे गेलाही.

"मी होते तिथे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग मी पर्समधली प्रत काढून दिली आणि जिंगल पुन्हा लावायला सांगितली, या वेळी काकांच्या टेपवरची, शेवटपर्यंत. तिसऱ्या रांगेत एक मुलगी वेफर्स खात बसली होती. लहान मुलीचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा तिचा हात पुडीतच थांबला. मी त्या हाताकडे बघत राहिले. पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.