साडूंच्या क्रेनमधली शेजारची जागा

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही. हे विधान मी कोल्हापुरात राहून करतो आहे, म्हणजे पुरता विचार करून करतो आहे. हट्टी माणसांची आमच्याकडे टंचाई नाही. पण बाकीच्यांचा हट्ट निवडणूक, भाऊबंदकी किंवा पांढऱ्या रश्शात नारळ किती घालावा एवढ्यापुरता असतो. साडूंचा हट्ट सकाळी चूळ भरताना सुरू होतो आणि झोपेत कूस बदलली तरी सुटत नाही. आपल्या लग्नात वरातीची जीप बंद पडली तेव्हा नवरीला जीपमध्ये एकटी सोडून मेकॅनिक शोधायला जाणार नाही म्हणून हा माणूस बाशिंग बांधलेल्या अवस्थेत बॉनेट उघडून उभा राहिला होता, असं त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अजून सांगते. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांच्या शालूला त्या दिवशी ग्रीस लागलं, आणि ते निघालं नाही याचा त्यांना आजवर अभिमान आहे.

पुढे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणं हाच साडूंचा धंदा झाला. उद्यमनगरच्या मागं भाड्याची जागा, एक जुनी क्रेन आणि गळ्यात कायम एक पंचा, एवढं त्यांचं भांडवल. घराणं दूधवाल्यांचं. गोठा भावाकडे गेला, पण सवय यांच्याकडे राहिली, त्यामुळे क्रेन ते रोज सकाळी म्हशीसारखी घासून धूत. आधी पाठ, मग पोट, मग पाय. धुताना तिच्याशी बोलत, आणि ते बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं असे. बंद पडलेल्या गाडीशी मात्र हलक्या आवाजात बोलत. रागवायचं असेल तर मालकाला रागवत. "पाणी कधी बघितलंतासा?" हा त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न. मालक खाली बघायला लागला की दुसरा प्रश्न, "जेवलासा काय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर गाडी गॅरेजला आणि मालक अक्कांच्या पानावर, अशी पोचवण्याची पद्धत होती. अक्कांनी कुणाला 'तुम्ही कोण' असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. गाडी कुठं बंद पडली एवढंच त्या विचारत, म्हणजे माणूस किती दमला असेल याचा अंदाज त्यांना येई.

पण साडूंचा खरा नियम निराळाच होता. गाडी ओढून न्यायची तर तिच्या घरचं कुणीतरी क्रेनमध्ये शेजारी बसलंच पाहिजे. मालक, त्याची आई, मुलगी, गेलाबाजार वाड्यावरचा गडी, कुणीही चालेल. पण एकट्या गाडीला ते हूक लावत नसत. "दवाखान्यात न्यायचं म्हणल्यावर घरचं माणूस बरोबर लागतंय की न्हाय?" असं ते विचारत. यावर कुणी हसलं तर तेही हसत आणि हूक जागच्या जागी ठेवून विडी शिलगावत. एकदा एका बड्या असामीनं नुसती किल्ली हातात देऊन 'घेऊन जा' म्हटलं. साडू गाडीच्या सावलीत पंचा अंथरून आडवे झाले. शेवटी असामीनं घरून आपल्या म्हाताऱ्या काकूंना पाठवलं तेव्हा ते उठले. काकू वाटभर क्रेनच्या उंच खिडकीतून लोकांना हात करत आल्या आणि पुढे कितीतरी दिवस पुतण्याला विचारत राहिल्या, पुन्हा कधी बंद पडणार म्हणून.

ती शेजारची जागाही बघण्यासारखी होती. साडूंची स्वतःची बैठक फाटून स्पंज बाहेर आलेला, पण शेजारी जुन्या सोफ्याची गादी, तिला अक्कांनी शिवलेली फुलाफुलांची खोळ, टांगलेला धुतलेला नॅपकिन आणि डब्यात लिमलेटच्या गोळ्या. घाटात घरच्या माणसाला मळमळू नये म्हणून.

असा सगळा सुखाचा कारभार चालू असताना मोटार क्लब आला. हा क्लब म्हणजे पत्ते खेळायचा नव्हे. गाडीवाले त्याचे सभासद होतात, आणि गाडी बंद पडली की क्लबच्या दिल्लीकडच्या कचेरीत फोन करतात. तिथून तो निरोप मोबाइलवर इथल्या क्रेनवाल्याला येतो. म्हणजे शिये फाट्यावर बंद पडलेल्या गाडीची बातमी दिल्लीला जाऊन परत कोल्हापुरात यायची. साडूंना हे पटत नव्हतं, पण लोक आता थेट फोन करेनासे झाले होते. सगळी कामं क्लबमार्फत यायला लागली, तेव्हा नाइलाजानं त्यांनीही नाव नोंदवलं. क्लबनं क्रेनच्या दारावर आपलं भलंमोठं स्टिकर चिकटवलं, काचेवर एक कॅमेरा लावला आणि नियमांची यादी धाडली. त्यातला एक नियम स्वच्छ होता. केबिनमध्ये परका माणूस बसवायचा नाही. सभासदाची सोय क्लब वेगळी टॅक्सी पाठवून करील.

आता गगनबावड्याच्या पावसात आणि मलकापूरच्या पुढच्या वळणांवर ही टॅक्सी कुठून उगवायची, हे त्या यादीत नव्हतं. साडूंनी यादी माझ्याकडून मराठीत करून घेतली, शांतपणे ऐकली आणि पूर्वीसारखेच घरचं माणूस बसवून गाड्या आणू लागले. कॅमेऱ्याला मात्र त्यांनी मानानं वागवलं. त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या पुढ्यात बरोबर मधोमध लिंबू-मिरची बांधली. क्लबच्या मुलीचा फोन आला की कॅमेऱ्यात हिरवं काहीतरी दिसतंय. साडू आपल्या कोल्हापुरी हिंदीत म्हणाले, "नजर न लगे म्हणून बांध्या है, ताई. तुमचाच कॅमेरा है." ती बिचारी हसली असावी, कारण तक्रार लेखी यायला पुढचा आठवडा लागला.

लेखी तक्रारी इंग्रजीत येत आणि त्यांना उत्तरं देण्याची कामगिरी माझ्याकडे होती. मी जन्मभर सहकारी बँकेत नोकरी करत आलेला माणूस. वरून कागद आला की आधी दिलगिरी आणि मग वाचन, ही माझी शिस्त. मी उत्तराची सुरुवात दिलगिरीनं केली की साडू विचारत, हा शब्द कशाचा. मी सांगितलं की म्हणत, तो काढा, बाकी ठेवा. बाकी फक्त तारीख उरत असे.

अखेर क्लबनं पुण्याहून एक साहेब पाठवले. तरणे, नम्र, कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. ते दिवसभर क्रेनमध्ये शेजारी बसून कामकाज पाहणार होते. शेजारी कुणी बसत नाही ना, हे तपासण्यासाठी साहेब स्वतः शेजारी बसणार, यातली गंमत माझ्या लक्षात आली. साहेबांच्या आली नाही. साडूंनी त्यांना फुलाफुलांच्या गादीवर बसवलं, लिमलेटची गोळी दिली आणि गाडी काढली. पुढचं मी साडू आणि साहेब या दोघांकडून ऐकलं आहे, आणि नवल म्हणजे दोघांच्या सांगण्यात काही फरक नाही.

गगनबावड्याच्या अलीकडे, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, एका बाईंची गाडी बंद पडली होती. लेकीकडून परत कोकणात चाललेल्या, एकट्या. वर धुवाधार पाऊस आणि समोरचं झाड दिसेना असं धुकं. साडूंनी पाण्याचं विचारलं, जेवणाचं विचारलं, साखळी काढली, आणि मग केबिनचं दार उघडून साहेबांना म्हणाले, "साहेब, उतरा."

साहेबांना आधी वाटलं, काही दाखवायचं असेल. साडूंनी सांगितलं की जागा एकच आहे आणि गाडी या ताईंची आहे, तेव्हा त्या बसतील. साहेबांनी नियम सांगितला. टॅक्सीसाठी फोन लावून पाहिला, तर तिथं रेंजच नव्हती. तरीही त्यांनी नियम पुन्हा सांगितला. इस्त्रीचा माणूस, तो तरी दुसरं काय करणार.

साडू म्हणाले, "परका माणूस बसवायचा न्हाय, असाच नियम हाय न्हवं? मग तुम्हीच सांगा, गाडी ह्यांची, क्रेन माझी. हितं परकं कोण हाय?"

साहेब उतरले. साडूंनी त्यांना आपली छत्री दिली, स्टँडची दिशा बोटानं दाखवली, एस.टी. कधीची आहे ते सांगितलं आणि आणखी दोन गोळ्या हातावर ठेवल्या. बाईंना शेजारी बसवलं आणि गाडी सावकाश खाली कोल्हापूरला आणली. मागं पेशंट असला की ते हॉर्न वाजवत नसत.

संध्याकाळी साहेब आपली बॅग न्यायला साडूंच्या घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. गाडीवाल्या बाई जेवून पान लावत बसल्या होत्या. अक्कांनी साहेबांना पंचा दिला, पाट दिला, तांबडा-पांढरा वाढला. साहेब पोटभर जेवले, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत, निघताना अक्कांच्या पाया पडले. आणि पुण्याला जाऊन अहवाल मात्र नियमाप्रमाणेच लिहिला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, कदाचित पाया न पडता.

क्लबचं म्हणणं अगदीच आडमुठं नव्हतं. झाल्या प्रकाराची माफी मागा, यापुढे केबिनमध्ये कुणाला बसवणार नाही असं लिहून द्या, काम चालू ठेवू. नाहीतर क्लब सुटला, आणि क्लब सुटला म्हणजे धंदाच सुटल्यासारखा. मी रजा टाकून एक फर्मास माफीपत्र लिहिलं. साडूंना वाचून दाखवलं, ओळीओळीचा अर्थ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पावणं, इंग्लिश भारी झालंय. पण ह्यात मी कुठं हाय?" आणि पेन माझ्या खिशाला परत लावून क्रेन धुवायला गेले.

मला राग आला. या वयात, दुसरी कमाई नसताना, एका सहीसाठी घर अडचणीत घालायचं हा कुठला शहाणपणा, असं मी अक्कांना बोललो. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं, की साडू पोरसवदा असताना त्यांच्या वडिलांना जीपमध्ये घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. जीपमध्ये दाटी झाली म्हणून यांना उतरवलं, तू मागून एस.टी.नं ये म्हणाले. हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वडील वाटेत विचारत होते म्हणे, थोरला कुठाय म्हणून. "ते कुणाला सांगत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "मी सांगितलं असं तुम्हीबी दावू नका." मी माफीपत्र फाडलं आणि चुलीत घातलं. आमच्या बँकेच्या इतिहासात इतका स्वच्छ निपटारा कुठल्या कागदाचा झाला नसेल.

क्लबनं नाव काढलं. साडूंनी दारावरचं स्टिकर रॉकेल लावून खरवडलं, त्याखालचा मूळ निळा रंग निघाला, तर दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मोबाइल गप्प झाला. उसाच्या हंगामात उलटलेल्या ट्रॉल्या होत्या, जुनी गिऱ्हाइकं थेट फोन करत, त्या गगनबावड्याच्या बाई तर आपल्या साऱ्या नातेवाइकांना यांचा नंबर देऊन बसल्या होत्या. पण त्यांच्या गाड्या फार चांगल्या असाव्यात, क्वचितच बंद पडत. साडूंचा आवाज तसूभर कमी झाला नाही. चौकात कुणी क्लबचा विषय काढला तर म्हणत, "मी क्लबला काढून टाकलंय." तरी क्रेन थकत चालली होती. यंदा तिचं इंजिन बसलं ते बसलंच. नेसरीच्या एका शेतकऱ्यानं विहिरीतला गाळ उपसायला तिची यारी, म्हणजे वजन उचलायची भुजा, उपयोगी पडेल म्हणून ती मागितली आणि साडू हो म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तिला न्यायला जी क्रेन आली तिच्या दारावर क्लबचं स्टिकर होतं. क्लबची कामं आता त्या माणसाकडे गेली होती. साडूंच्याच ओळखीचा, चांगला गडी होता. लोखंडी दांड्यानं क्रेन जोडून झाली आणि साडू सवयीनं त्याच्या केबिनकडे निघाले, तसा तो ओशाळून म्हणाला, "दाजी, कॅमेरा हाय वो. तुम्हाला बसवलं तर माझं काम जाईल."

आता यांना पंचा अंथरून आडवे होताना बघायचं, असं मला वाटलं. पण साडू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू तुझं काम सांभाळ. मग ते वळले, आपल्या क्रेनचं दार उघडलं आणि नेहमीच्या फाटक्या बैठकीवर चढून स्टिअरिंग धरून बसले. ओढलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतंच, त्याला कुठल्याच क्लबची हरकत नव्हती.

तिथून त्यांनी मला हाक मारली. "पावणं, या की. घरचं माणूस लागतंय."

मी म्हटलं, तुम्ही आहात की घरचे.

"मी न्हवं," ते म्हणाले. "मी गाडीतलाच हाय. घरचं माणूस तुम्ही."

एवढ्या वर्षांत त्या फुलाफुलांच्या गादीवर मी कधी बसलो नव्हतो. माझी गाडी कधी बंदच पडली नव्हती. मी वर चढलो. साडूंनी डबा पुढं केला, मी एक गोळी घेतली, आणि नेसरी येईपर्यंत आम्ही दोघंही हळू आवाजात बोलत होतो.