व्हायटिंगचा चमचा

"तुमची हाडं ठिसूळ झालीत," रोह्याचे डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले. "याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड आतून विरत जातं. कमरेचा एक मणका दबलाय." मग त्यांची नजर माझ्या मुलाच्या कपाळाकडे गेली. तिथे ताजे टाके होते. "आणि यांना काय झालं?"

सुदामने टाके हाताने झाकले. मीच म्हणालो, "मी मारलं."

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. डोळ्यांची आखणी चाळीस वर्षं माझ्याच हाताची. आणि हाच हात सुदामवर तो शाळेत असल्यापासून पडत आला. रंग सांडला, मार. उलट बोलला, मार. त्याची आई मध्ये पडायची, तर तिलाही ढकलून द्यायचो. लाज वाटते, पण लिहितो.

रोह्याला जायच्या दोनेक महिने आधी साच्याला तडा गेला म्हणून मी त्याला ठोसा मारायला गेलो. तो बाजूला सरला आणि माझी मूठ लाकडी खांबावर आदळली. मनगट काडकन मोडलं. पेणच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मला राग आला. असल्या गोळ्या बाळंतिणी खातात, मी कशाला खाऊ?

पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं होतं. रंगवाल्याने सांगितलेलं आठवलं, मूर्तीला पहिला पांढरा हात देतो ती व्हायटिंगची भुकटी म्हणजे तेच. घरात पोतं भरून औषध पडलेलं! गोळ्या फेकून दिल्या आणि रोज सकाळी चमचाभर व्हायटिंग पाण्यातून प्यायला लागलो. पोट दगडासारखं झालं, तरी हट्ट सोडला नाही.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात सुदामने पाहिलं. "बाबा, रंग काय पिताव? मराचं हाय का?" म्हणत त्याने भुकटीचा डबा हिसकावला. मी माती ठोकायचा लाकडी ठोकळा उचलला आणि सगळा जोर लावून, कमरेतून वळून फेकला. त्याचं कपाळ फुटलं. त्याच क्षणी माझ्या पाठीत काहीतरी तुटलं आणि मी चिखलात कोसळलो.

मला उचललं त्यानेच. त्याचं रक्त माझ्या सदऱ्यावर टपकत होतं.

पेणच्या डॉक्टरांनी त्याला टाके घातले, मला दुखणं थांबायची सुई दिली. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून रोह्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून त्याने मला रोह्याच्या गाडीत बाकावर आडवं केलं. कासू स्टेशनात गाडी धक्का देऊन थांबली तेव्हा मी किंचाळलो आणि शिव्या घातल्या, त्यालाच.

सुदामने माझ्या गोळ्यांचं आणि भुकटीचं सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. दम्यासाठी दुकानातून परस्पर आणून मी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या खाल्ल्या, त्यांत स्टेरॉईड होतं. त्याने हाडं खाल्ली. "पण त्या एकदम बंद करू नका, मी सांगेन तशा कमी करा. आणि रंगाची भुकटी पोटात घालायची नाही. त्यात काय मिसळलेलं असतं देव जाणे. नुसत्या कॅल्शियमनेही भागत नाही, डी जीवनसत्त्व लागतं, चालणं लागतं."

"साहेब, आखणीला बसता येईल ना?"

"सांगतो तसं वागलात तर."

वागलो. कमरेला पट्टा, गोळ्या वेळेवर, सकाळी कोवळ्या उन्हात फेरी. माझ्या वयाच्या पुरुषांनो, बायकांचं दुखणं म्हणून हसू नका. मी हसलो आणि पाठ घालवली.

गणपतीच्या तोंडावर मी पुन्हा पाटावर बसलो. डोळ्याची रेघ पूर्वीसारखी उतरली. डॉक्टरांचे, देवाचे आभार मानले. सुदाम शेजारी बसून लहान मूर्ती आखत होता. त्याच्या डोक्यावरच्या फळीवरचा ब्रश घ्यायला मी हात वर केला.

तिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप, दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकला.

तेव्हापासून हात उचलण्याआधी मी सांगतो, "ब्रश घेतो रे." तो "व्हय" म्हणतो. पण त्याचे खांदे अजून आक्रसतात.