मामांची देवडी

राजवाडे बघायला जग लोटतं, पण राजवाड्याकडे पाठ करून त्याची देवडी बघत बसणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. वसईचे हे मामा उभी हयात दुबईच्या एका हॉटेलात मेजवान्यांची व्यवस्था बघत होते. हजारोंना त्यांनी मानाने आत नेऊन बसवलं. स्वतः मात्र कुठेही गेले तरी फाटकाशीच अडकायचे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं, की वर वालाचं बिरडं निवायचं आणि मामा खाली वॉचमनच्या केबिनला वारा कुठून येतो ते तपासत असायचे. "मामा-आजोबा इज ॲट द गेट अगेन," असं माझी मुलगी बाल्कनीतून जाहीर करायची. मामांचं म्हणणं एवढंच, "घर काय, पैसा असला की कोणीही बांधतं. दारात आलेल्या माणसाला कुठे बसवता, ते दाखवा."

रास अल खैमाकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका अरब घराण्याची खजुराची मोठी बाग आहे. तिच्या देवडीवर मामांचा जीव जडला होता. पहिल्यांदा मला तिथे नेलं तेव्हा मी थट्टेच्या तयारीनेच गेलो होतो, पण उंबरा ओलांडला आणि थट्टा विसरलो. बाहेर अंग भाजत होतं, आत गारवा. दंडाच्या लांबीएवढ्या जाड मातीच्या भिंती, वर खजुराच्या खोडांचं छत, हवेला उंचावर झरोके. भल्या थोरल्या लाकडी दरवाजात एक ठेंगणा दिंडी दरवाजा. कितीही मोठा माणूस येवो, वाकल्याशिवाय आत शिरणं नाही. आत आलं की लगेच ओटा. पाहुण्याने आधी बसायचं, कॉफी घ्यायची आणि मग कामाचं बोलायचं. मामा भिंतीवर तळहात ठेवून, चर्चमध्ये बोलावं तसे हळू आवाजात हे सगळं सांगत होते. इतकी वर्षं मी काचेच्या टॉवरांत काढली, पण इमारतीपुढे मान लवली ती मातीच्या त्या एका खोलीत.

पुढे एका सुट्टीला गेलो तर देवडीसमोर जेसीबी उभा. मालकांच्या नातवाची नवी गाडी दरवाजातून जात नव्हती. चौकीदाराची जुनी खोली तर आहे, आज खलास, असं त्याने हसतच सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि ओट्यावर बसले. 'यल्ला, अंकल', चला उठा, करून नातू थकला आणि शेवटी आजोबांनाच घेऊन आला. म्हातारे अरबाब, म्हणजे मालक, काठी टेकत, वाकून आत आले. मामांनी त्यांना भिंतीतले कोनाडे दाखवले. सगळे इतके खाली, की जमिनीवर बसल्या बसल्या हात पोचावा.

"अरबाब, चौकीदार को दीवार में इतने ताक किसलिए?" मामा म्हणाले. "इधर कोई औरत बैठके खाना पकाती थी. ऊपर धुएँ का दाग देखो. मेरी माँ का रसोई ऐसाच था."

अरबाबांनी मान वर करून काळवंडलेल्या छताकडे बघितलं.

"अम्मा बोलती थी, बड़े घर से पहले हम इधर रहते थे," ते म्हणाले. "मैं समझा, ऐसे ही बोलती है."

मग ते नातवाशी अरबीत थोडंसंच बोलले आणि जेसीबी निघून गेला. नवं फाटक पलीकडच्या भिंतीत करायचं ठरलं. अरबाबांनी मामांना वाड्यात जेवायला बोलावलं, तर या गृहस्थाने हात जोडून सांगितलं की इथेच बसू. त्या दिवशी त्या घराचा धनी आपल्याच देवडीत आमच्याबरोबर कॉफी प्यायला.

मामा निवृत्त झाले, व्हिसा संपला, वसईला गेले. फोनवर आमची खुशाली नंतर; आधी प्रश्न, "उभी आहे ना रे?" या हिवाळ्यात मुद्दाम बघायला गेलो, तर अरबाब एकटेच ओट्यावर बसले होते. मामा कधी येणार, असं त्यांनी विचारलं. व्हिसा संपला, ते आता येणार नाहीत, असं मी सांगितलं. अरबाबांनी मला कॉफी दिली. मग आणखी एक कप भरला आणि शेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.