मावशींचा हळू हात

मालिशवाल्या मावशी बाळाला उचलण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत आणि मग आपल्याच गालाला लावून बघत. गार वाटले तर पुन्हा घासत. माझी लेक पंधरा दिवसांची झाली तेव्हापासून त्या लकडगंजहून रोज पायी यायच्या.

त्यांच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणत, "भरभर हात फिरवला का लेकराले नुसतं तेल लागते. हळू फिरवला का त्याले माणूस समजते." मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्यांना ऐटीत सांगितलं, की मायेचा हळू स्पर्श मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाच वेगळ्या असतात. तळव्यापेक्षा हातावर, पाठीवर त्या जास्त. "मंग मी चाळीस वर्षं काय करून राहिली वं?" म्हणत त्या पोट धरून हसल्या.

एकदा एकाच पायात चप्पल घालून आल्या. दुसरी वाटेत कुठे गळली, त्यांना पत्ताच नव्हता. "असन मांगं कुठीतरी," म्हणाल्या. आम्ही दोघी खूप हसलो. साखरेच्या आजारात आधी पायांची आणि मग हाताच्या बोटांची संवेदना जाते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मावशींना साखर आहे, हेही मला माहीत होतं. तरी हसले.

मग एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं बोटं बुडवून आंघोळीचं पाणी बघितलं, "बरोबर हाये" म्हणाल्या, आणि पाणी ओतताच लेक किंचाळली. तिचा इवलासा हात लाल झाला. मावशींनी तो हात बघितला, मग आपली बोटं. पुन्हा एकदा बादलीत घालून बघितली. मी संतापून ओरडले, "उद्यापासून येऊ नका!" त्यांनी तेलाची वाटी पुसून जागेवर ठेवली आणि निघून गेल्या.

सात महिन्यांनी कळलं, पायाची जखम चिघळून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. मी भेटायला गेले. ती आमची शेवटची भेट. मी त्यांचा तळवा हातात घेतला.

"तिथं नको वं, तिथं काई समजत नाही मले. इथं वर ठेव."

मी कोपराजवळ हात फिरवू लागले.

"हळू."

हळू फिरवला. त्यांनी डोळे मिटले. मी माफीचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पोरीचा हात बरा झाला का वं?"

लाली त्याच दुपारी उतरली होती. तसा निरोप धाडायचं मला सुचलंच नव्हतं.