कामकाजातून वगळलेले वाक्य

लेखणी हाती धरण्याचा मला काहीही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आयुष्यभर पुलांचे आराखडे तपासले; पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलो आहे, तेही नाइलाजाने. वाचकांनी क्षमा करावी. मात्र लोअर हटमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांइतका दुसऱ्याचे बोलणे जपणारा माणूस साऱ्या न्यूझीलंडमध्ये नव्हता, एवढे ठामपणे सांगतो.

काका भारतात एका विधिमंडळात प्रतिवेदक होते. सदस्य बोलतील ते लघुलिपीत टिपून घ्यायचे, हे काम त्यांनी तीस वर्षे केले. मुलगी इथे परिचारिका, म्हणून निवृत्तीनंतर तिच्याकडे आले. पण सभागृह त्यांच्यातून गेले नाही. भाजीत मीठ कमी पडले की ते "हरकतीचा मुद्दा!" म्हणून हात वर करीत. "भूक लागली का गं?" या प्रश्नावर नात इथल्या बोलीत "हीप्स, आजोबा" म्हणाली, म्हणजे खूप, तर तेही वहीत जसेच्या तसे उतरे. आमच्या मराठी मंडळाचे इतिवृत्त अर्थातच तेच लिहीत. गणपतीच्या प्रसादाला मोदक की शिरा, यावरची चर्चा त्यांनी अकरा पानांत नोंदवली आणि माझ्या नावापुढे, नेहमीप्रमाणे, लिहिले : उपस्थित. बोलले नाहीत. मला ते लागले. तसे म्हणताच ते हसले. "अहो सन्माननीय सदस्य, उपस्थित लिहिलंय ना? पुष्कळांना तेवढंही मिळत नाही."

एकदा चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्यांना एक जाडजूड ग्रंथ सापडला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे, अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान राज्याच्या विधिमंडळाचे कामकाज! त्यात एक शेतकरी सदस्य होता. रोज हजर, प्रत्येक ठरावावर मत दिलेले, भाषण मात्र एकही नाही. काकांनी त्याचे चरित्र लिहायला घेतले, तेही मराठीत. दोन हिवाळे हीटरपाशी पाय ठेवून, हातात भिंग धरून ते पान न् पान वाचत होते. रस्त्यांना होकार, शाळांना होकार, सदस्यांच्या मानधनवाढीला नकार, एवढेच त्या चरित्राचे कथानक.

"बायको असेल की त्याला, काका," मी सुचवले.

"पानावर नाही."

"मुलंबाळं?"

"पानावर नाही हो!"

मग एका रविवारी ते जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून भिजत आमच्या दारात उभे राहिले. "बोलला! शेवटच्या दिवशी बोलला!" वाक्य असे होते : शेजारच्या सदस्यांना थंडी वाजते आहे, खिडकी लावून घेता येईल का?

मी हसलो. काका हसले नाहीत. "कुणा प्रतिवेदकानं हे राहू दिलं बघा. मी काढलं असतं." मग म्हणाले, "काढलंच होतं."

त्यांच्या सभागृहातही पाच वर्षे गप्प बसलेले एक आमदार होते. एकदा भलत्याच विषयाच्या चर्चेत ते उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, काल माझ्या गावात दिवे लागले." सभागृह हसले. विषयाशी संबंध नाही म्हणून काकांनी ते वाक्य गाळले. काही वर्षांनी त्या आमदारांची मुलगी कार्यालयात आली. वडील वारले होते. एकदा बोललो होतो, असे ते घरी सांगत. त्या भाषणाची नक्कल मिळेल का?

"मला सगळं आठवत होतं," काका म्हणाले. "तरी सूची उघडून दाखवली तिला, आणि म्हणालो, नोंद नाही. तिनं 'बरं' म्हटलं आणि गेली. तिचं नावसुद्धा विचारलं नाही हो मी."

पुढच्या थंडीत काका गेले. त्यांच्या मुलीने चरित्राची वही मला दिली. अखेरच्या पानावर खिडकीचे वाक्य आहे. त्याखाली थोडी जागा सोडून दिव्यांचे, आणि त्यापुढे 'हे मी स्वतः ऐकले आहे' असे लिहून काकांची सही. शोकसभेत हे सांगायला मी उठलो आणि तसाच खाली बसलो. म्हणून आज लिहिले. वही माझ्यापाशी सुखरूप आहे; आमदारांचे नाव मात्र तीत नाही. ज्यांच्या वडिलांचे हे वाक्य, त्या बाई आपल्यापैकी कुणाच्या ओळखीच्या आहेत का?