आईंच्या हाताच्या उंचीवरची ओल

आधीच सांगून ठेवते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. ‘बाई, भूत असतं का हो?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी त्याला माझ्याकडून चांगलं अर्धा तास ऐकून घ्यावं लागतं! आमच्या घरात वास्तू बघत नाहीत, मुहूर्त बघत नाहीत. बुद्धवंदना घेतली, चार माणसं जेवू घातली की झाला गृहप्रवेश. तेव्हा पुढचं मी सांगतेय म्हणजे काय, ते समजून घ्या.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या जरा बाहेर. जुनं घर पत्र्याचं, आणि संडास पार मागच्या बाजूला. सासूबाईंची, म्हणजे आईंची, नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा सासऱ्यांनी एक युक्ती केली. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी आईंच्या खाटेपासून संडासच्या दारापर्यंत भिंतीला खिळे मारून एक सुती दोरी बांधली. वळण आलं की दोन गाठी, पायरी किंवा उंबरा आला की एक. आई त्या दोरीवरून हात सरकवत एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. कुणाला हाक नाही की काही नाही. पुढं आबा गेले, पण दोरी तशीच राहिली.

नवीन घर बांधायला काढलं तसं जुनं पाडलं आणि आम्ही शेजारच्या वस्तीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथं दोरी बांधायला धड भिंतच नव्हती. आईंना प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात धरून जावं लागायचं. आणि ही बाई किती मानी! त्यांनी दुपारचा चहा सोडला. पाणी घोट-घोट प्यायला लागल्या. शेवटी लघवीचं इन्फेक्शन होऊन थंडी-ताप भरला, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी मलाच झापलं... ‘आजींना पाणी देत नाही का तुम्ही?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी चिडूनच विचारलं, तर आई शांतपणे म्हणाल्या, “घर कसं बी बांधा. मला एकटीला जाता आलं पायजे, एवढंच बघा.”

आता गंमत बघा. घर स्लॅबचं, किचन ओट्याला ग्रॅनाइट, पण बाथरूम-संडास आखायची वेळ आली तेव्हा मी, माझे मिस्टर आणि दत्ता प्लंबर, तिघांनीही न बोलता मागच्या पडवीच्या पलीकडंच बोट दाखवलं! आमच्याकडं अजून तसंच. आई तर ठाम, “घरात संडास? पावनं काय म्हनतील! जेवान तितं आन्...” मग ठरलं, मागंच करायचं आणि आईंच्या खोलीपासून तिथपर्यंत स्टीलचा दांडा लावायचा. आईंच्या खोलीला लागून एक लहान खोली होती, ती धान्याला. उंदीर नकोत, पाणी नको म्हणून तिचा उंबरा जरा उंच घेतला होता.

प्लास्टर झालं, भिंतींना पाणी मारून झालं. त्यालाही बरेच दिवस लोटले. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन... भिंती अशा वाळल्या होत्या की टिचकी मारली तर खणखण वाजाव्यात. आणि एका दुपारी दत्तानं मला हाक मारली.

“मॅडम, हितं कुठंतर लीकेज हाय.”

“अरे बाबा, पाइप टाकलाय का तू अजून?”

“आँ? न्हाय की!”

आईंच्या खोलीत जिथं खाट येणार होती, तिथून भिंतीवर ओलीची एक पट्टी निघाली होती. बोटभर रुंद. सरळ, एका उंचीत. कोपऱ्यात गेली, वळली, धान्याच्या खोलीच्या दारातून आत शिरली आणि पलीकडच्या भिंतीपाशी थांबली. टाकी चढवलेली नव्हती, नळाचा पत्ता नव्हता. दत्तानं एका जागी प्लास्टर खरवडलं. आत वीट कोरडी ठणठणीत.

मी म्हटलं, वाळूत क्षार असणार, ते हवेतली ओल ओढतात. वर्गात शिकवतेच की मी हे! फडक्यानं पुसलं, वर्तमानपत्राचा कागद चिकटवून ठेवला. कागद भिजला, बाकी भिंत कोरडीच. जिभेवर सुद्धा घेऊन बघितलं... हसू नका. खारट नव्हतं, साधं पाणी. आणि वैशाखातल्या हवेत कसली आलीय ओल? दोन-तीन दिवस मी त्या भिंतीशी भांडत होते नुसती.

रविवारी मिस्टर बांधकामावर आले. पट्टीकडं बघत कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथं बोट ठेवून उभेच राहिले. मग सिमेंटच्या पोत्यावर बसले. मी जवळ जाऊन बघितलं. वळणावर ओलीचे दोन गोल ठिपके होते, बोराएवढे. उंबऱ्याच्या अलीकडं एक.

“आबांची दोरी,” ते म्हणाले.

“काहीतरीच बोलू नका!” मी ओरडलेच. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

आईंना आम्ही यातलं चकार शब्दानं बोललो नाही. दत्तालाही गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘घर दाखवते’ म्हणून मी त्यांना रिक्षातून घेऊन आले. नव्या घरात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. त्यांच्या खोलीत नेऊन म्हटलं, “आई, ही तुमची खोली.” त्यांनी डावा हात भिंतीला लावला... आणि उजव्या हातातला माझा हात सोडून दिला.

चालायला लागल्या. न चाचपडता. कोपऱ्यात अंगठा थांबला, त्या वळल्या. धान्याच्या खोलीपाशी पुन्हा थांबला, आणि त्यांनी पाय उचलून तो उंच उंबरा ओलांडला. पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी विचारलं, “हितंच ना?”

दत्ता दारात पाना धरून तसाच उभा.

“आई... तिथं दोरी नाहीये हो.”

“न्हाय कशी? त्यांचीच गाठ हाय की ही. दोनदा पीळ देत्यात ते, मला वळखू येती.” मग म्हणाल्या, “घरात तर घरात. आता त्यांनीच बांधून ठिवलीय तर आसू दे.”

एवढ्यावर संडास त्या लहान खोलीतच करायचा ठरलं. धान्य माळ्यावर गेलं. दत्तानं ‘ड्रेनेजचं चेंबर लांब पडंल, पुन्ना तोडफोड हाय’ अशी थोडी कुरकुर केली, पण काम मन लावून केलं. कमोड नेमका पट्टी संपत होती तिथं बसवला. सगळं जोडून नळाला पाणी आलं, आई पहिल्यांदा एकट्या जाऊन आल्या, आणि संध्याकाळी मी बघते तर भिंत कोरडी. डाग नाही, पोपडा नाही, काही नाही.

ज्यांना-ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं. इंजिनीअर झाले, शाळेतले सर झाले. कुणी केशाकर्षण म्हणतं, कुणी खाली झरा असेल म्हणतं. झरा वळणावर दोन ठिपके देतो का हो? मला उत्तर मिळालेलं नाही. पोरांनी विचारलं तर मी अजूनही ‘भूत नसतं’ असंच सांगते, आणि ते मला पटतंही. त्या भिंतीवर जे होतं त्याला भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आई आता दुपारचा चहा कपभर घेतात. तांब्याभर पाणी पितात. आम्ही स्टीलचा दांडाही लावलाय, पण टाइलच्या ओळीमुळं तो त्या ओलीच्या पट्टीपेक्षा चार बोटं खाली आला. त्याला त्या हातच लावत नाहीत. त्यांचा हात वरून जातो, मोकळ्या भिंतीला धरून, मूठ हलकी मिटलेली. आणि कोपऱ्यात आल्या की थांबून अंगठ्यानं काहीतरी कुरवाळतात. एक, आणि मग दुसरी.